तिसरं पान

घरचं माणूस परगावी गेलं, की त्याचं पान घरी रोज मांडायचं, अशी या जपानी गावातली जुनी रीत. मेलेल्यांचा नैवेद्य वेगळा. हे पान जित्याजागत्या, पण दूर असलेल्या माणसाचं. ते मांडलं की तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही म्हणतात. मागाहून ते अन्न घरच्यांनीच खायचं. कोतोए आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून गणित शिकवायला गेली, तेव्हापासून तिच्या बाबांनी, हेइसाकूंनी, हे पान कधी चुकवलं नव्हतं. बायको गेल्यावर स्वयंपाक शिकलेले निवृत्त बस ड्रायव्हर ते. वेळापत्रक मोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

नव्या वर्षासाठी कोतोए सुट्टीवर घरी आली आणि त्याच संध्याकाळी बाबांनी तीन पानं मांडली. एक त्यांचं, एक तिचं आणि आणखी एक. कोतोएने पानं पुन्हा मोजली. माणूस परत आलं की ते पान बंद करायचं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोरगी समोर बसून मुळ्याचं लोणचं खातेय आणि बाबा तिच्याच नावाने पान मांडतायत?

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खरं तर तिला बाबांशी महत्त्वाचं बोलायचं होतं. शाळेने आणखी एक वर्ष राहाल का म्हणून विचारलं होतं आणि तिला राहायचं होतं. प्रवासभर तिने वाक्यं जुळवली होती. आता ती सगळी तिने गिळून टाकली. पोरगी घरी आलीय हे ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याला गॅसच्या आणि छतावरच्या बर्फाच्या भरवशावर कसं सोडायचं? ती मांजरासारखी बाबांच्या मागेमागे फिरली. गॅस बंद, नळ बंद, सगळं जागच्या जागी. तरी तिने मनाशी ठरवलं, नाही म्हणून कळवायचं. ठरवलं आणि फार वाईट वाटलं. तिथली मुलं आत्ता कुठे अपूर्णांकांना घाबरेनाशी झाली होती.

एका संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही.

"बाबा, मी घरी आलेय ना?"

"दिसतंय की. बरणीतला मुळा संपवलास सगळा."

"मग हे पान कोणाचं?"

"तुझं नाही, बाई. तू तर समोर बसून दोन माणसांचं जेवतेयस. हे त्या तियामिकेबाईंचं."

तियामिके म्हणजे कोतोएची तिथली घरमालकीण. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, पण मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा आधी कोतोएपुढे सरकवायची आणि मगच स्वतः जेवायला बसायची.

"पान मी इथे मांडत होतो, पण तुझं पोट तिथे त्यांनी भरलं," बाबा म्हणाले. "तू मलेरियाने पडलीस, तेव्हा पेज काय माझ्या पानाने भरवली? तू इथे आहेस तोवर त्यांचं पान मी मांडणार. उपकार फिटायचे नाहीत, पण माझ्या हातात एवढंच आहे. मासा खातात ना त्या?"

"खातात," म्हणता म्हणता कोतोएला रडू फुटलं. "मला वाटलं, तुम्हाला विसरायला होतंय."

"मला? उभ्या जन्मात एक थांबा चुकवला नाही मी!"

ती रडता रडता हसली आणि त्याच भरात सगळं सांगून मोकळी झाली. आणखी एक वर्ष म्हणतायत. मलाही हवंय. पण तुम्ही नको म्हणालात, तर नाही जाणार.

बाबा बराच वेळ माशाचे काटे काढत राहिले.

"छतावरचं बर्फ काढायला माणूस लावावा लागेल," शेवटी ते म्हणाले. "कंबर आता ऐकत नाही."

मग ते उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि तिसऱ्या पानासमोर गुडघे मुडपून बसले. दोन्ही तळवे चटईवर टेकवून त्यांनी कपाळ खाली नेलं.

"बाई," ते म्हणाले, "आणखी एक वर्ष माझ्या पोरीला जेवू घाला."