मास्तरांची धून

ताईने नोकरी सांभाळून, तीन वर्षं खपून, एकटीने एक गेम बनवला. चित्रं तिची स्वतःची, पण संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तिने गेमच्या सुरुवातीसाठी इंटरनेटवरून पियानोची एक फुकट धून घेतली. "विकायच्या गेममध्येही खुशाल वापरा, फक्त माझं नाव द्या," असं खाली लिहिलं होतं. नाव मात्र नुसतंच 'मास्तर'. पूर्ण नाव विचारायला ताईने मेल केला.

उत्तर मास्तरांच्या बायकोचं आलं.

"ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. शाळेतून आले की कपडेही न बदलता पियानोवर बसायचे. धुनेच्या शेवटी 'अहो, चहा गार होतोय' असं ओरडणारी मीच. मी म्हटलं, ते पुसा हो. तर म्हणाले, राहू दे, तुझाही आवाज राहील."

ताईने नेमका तोच तुकडा कापून टाकला होता. तिने मूळ धून पुन्हा बसवली, मास्तरांच्या पूर्ण नावाशेजारी काकूंचं नाव घातलं आणि गेम त्यांना पाठवला.

महिन्याभराने काकूंनी कळवलं, "रोज गेम लावते, पण पहिल्या दारापाशीच उभी असते गं. आत गेलं की धून बदलते."