पैनगंगेपल्याडचा लाल पट्टा

आमच्या बाजारगावचा कायदा साधा होता. कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा असला की तो राखणीचा. कितीही भुंको, त्याले कोणी हात लावायचा नाही. बिनपट्ट्याचा दिसला की पंचायतीचा माणूस जहराचा लाडू टाकणार. पंचायत पट्टा म्हणून चिंधी देत होती. ती मी माह्या भुऱ्याले बांधीन काय? तांड्याच्या नायकाची बायको मी. लाल कापडावर कवड्या लावल्या, आरसे जडवले, पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातले. नवरदेवाच्या अंगावर दिसणार नाही असा पट्टा केला.

बिबट्यानं शेजारच्या तांड्यातली वासरं नेली, आमचं एक नाही नेलं. ते भुऱ्यामुळं. पहिला आवाज त्याचा, मंग बाकीच्या कुत्र्यांचा. त्याच्या भरवशावर आमचा तांडा झोपत होता.

उन्हाळ्यात माही लेक जमनी पल्याड, सासरी बाळंत झाली. तिच्या दुधासाठी शेळी घेऊन मी निघाली. नदी आटली होती. वाळूतून पुढं शेळी, मागं भुऱ्या. मागच्याच साली दोन्ही काठ एका राज्यात आलते. राज्य एक म्हणजे कायदाही एक, असं मी धरून चालली.

वेशीतून आत शिरली आन् बोलणारी माणसं गप झाली. एका बाईनं भुऱ्याच्या गळ्याकडं पाह्यलं आन् दार लावून घेतलं. मले वाटलं, असं भरतकाम या लोकांनी कधी पाह्यलं नसन. पण एवढ्या मोठ्या गावात एकही कुत्रा भुंकून नव्हता राह्यला.

जमनीची शेजारीण बिस्मिल्लाबी ओट्यावर सुपारी कातरत होती. ती हळूच म्हणाली, "अम्मा, तो पट्टा काढून टाका."

"काहून? तुह्या डोळ्यात भरला काय?"

तिनं अडकित्त्यात दुसरी सुपारी धरली. मंग म्हणाली, "शेळी चांगली हाय."

जमनी बाजेवर होती. पोरगी दाखवायच्या आधी तिनं कुत्र्याकडं पाह्यलं.

"याडी, हे कोणं बांधलं?" आमच्यात आईले याडी म्हणते.

"मी. दुसरं कोण बांधते?"

तिचं तोंड उतरलं. तिनं सांगितलं ते असं. इथं कोणाचा कुत्रा लई भुंकला आन् तक्रार झाली, की कमेटीचा माणूस त्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधते. बाजाराच्या दिवसापर्यंत मालकानं त्याले शिवेबाहेर काढावं. नाही काढलं तर त्या दिवशी लाडू. होळीले तिचा कुत्रा तसाच गेलता. लाल दिसलं की तो माणूस विचारत नाही.

"आन् आज बाजार हाय, याडी."

मी पट्टा सोडला आन् शेळीच्या गळ्यात बांधला. भुऱ्याले घेऊन उंबऱ्यावर बसली, त्याचं मुंडकं घागऱ्याच्या घोळात घेतलं. तेवढ्यात कमेटीचा माणूस आलाच. हातात काठी, काखेत टोपलं. वेशीवर आम्हाले पाहणाऱ्यांत तो होता.

"पट्ट्याचा कुत्रा कुठं?" त्यानं विचारलं.

"पट्टा तं शेळीच्या गळ्यात हाय. टाक तिले लाडू."

तो हासला नाही. म्हणाला, बिनपट्ट्याच्या मुक्या कुत्र्याले तो मारत नाही. भुंकणाऱ्याले मात्र सोडत नाही. "पाहू, मुका हाय का."

त्यानं काठी आपटली. भुऱ्याचं सारं अंग ताठ झालं. मी घोळात हात घालून त्याचा जबडा आवळला. त्यानं पुन्हा आपटली, भुऱ्याच्या पंज्याजवळ. भुऱ्याची गुरगुर माह्या हाडात शिरत होती. आत पोरगी रडाले लागली, तरी तो माणूस हलेना. मी अजून आवळलं. त्याची लाळ माह्या बोटांतून गळली, मंग रगत. गुरगुर बंद झाली तसा तो माणूस गेला.

शेळी जमनीले ठेवली आन् दिवसाउजेडी आम्ही नदी उतरलो. वाळूत मी भुऱ्याले लाडानं हाका मारल्या. तो येत होता, पण दोन हात दूर.

तांड्यावर त्यानं भाकर खाल्ली, पाणी पेला. लोक म्हणाले, चांगला तर हाय. मीही तेच म्हणाली.

एका दिवशी दिवेलागणीले वारा पडला. गोठ्यातली ढोरं एकाएकी उभी राह्यली. भुऱ्याच्या पाठीवरचे केस उभे झाले. बाकीचे कुत्रे त्याच्याकडं पाहत होते. तो झाडीकडं पाहे, मंग माह्याकडं.

"भुंक रे बापा," मी म्हणाली.

तो आला आन् त्यानं आपलं तोंड माह्या दोन्ही हातांत देलं. गोठ्यात वासरू एकदा हंबरलं.