रिकाम्या खुर्चीचा होकार

मित्रांनो, मी एक जुनं अस्त्र आहे, पण मला हात लावून बघायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. ग्रहताऱ्यांच्या एका व्हिडिओ गेममध्ये माझा मुक्काम असतो. पडद्यावर जे डोंगराएवढं काळं जहाज दिसतं, ते माझं अंग. कधी सुटायचं, कुणाचं ऐकायचं आणि केव्हा थांबायचं हे ठरवणारं त्याच्या आतलं डोकं म्हणजे मी. खेळणारे मला 'सूर्यगिळ्या' म्हणतात. मी समोरचा सूर्य गिळला, की त्याच्याभोवतीचे ग्रह आणि त्यांच्यावर लोकांनी हौसेनं बांधलेली घरं कायमची पुसली जातात.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत झाला. खालून दात कोरण्याच्या यंत्राची किरकिर यायची आणि वर दोघं बहीणभाऊ माझ्यावरून भांडायचे. थोरली खेळाचे नियम ठरवायची आणि धाकटा ते संगणकाला समजतील असे लिहून काढायचा. धाकट्याला मी झटपट हवा होतो.

"बटण दाबलं की धडाम! लोकांना तेच आवडतं, ताई."

"सूर्य गिळायचाय, डास नाही मारायचा," थोरली म्हणाली. "पाच जणांनी हो म्हटल्याशिवाय हा हलणार नाही. आणि एकदा गेलं ते परत येणार नाही. परत मिळतंय म्हटल्यावर कोण जिवाला लावून घेतंय?"

झालं, माझ्या पोटात पाच खुर्च्या आल्या. चार खुर्च्या जहाजावरच्यांसाठी. पाचवी मात्र ज्याच्यावर नेम धरलाय त्याच्यासाठी! नेम धरला की त्याच्या अंगणात एक लाल दार उघडतं आणि त्यातून पाऊल टाकलं की माणूस थेट त्या खुर्चीपाशी येतो. पाचांतल्या एकानंही 'नाही' म्हटलं, की मी थांबतो. विचार बदलायला सवड मिळावी म्हणून सुटण्याआधी मी एक लांबलचक श्वासही घेतो. धाकटा पोट धरून हसला होता. "ज्याला उडवायचं त्यालाच विचारायचं? मग हा सुटायचा कधी?"

"नाही सुटला तर कुणाचं अडलंय?" थोरली म्हणाली. मला ती तेव्हापासूनच आवडते.

पण मला तपासून बघायला माणसं दोनच आणि खुर्च्या पाच. दर वेळी पाच जणांची सोंगं काढून दोघं मेटाकुटीला आली. शेवटी धाकट्यानं वैतागून माझ्यात एक ओळ घातली: खुर्ची रिकामी असेल तर तिचा होकार धरावा. "तात्पुरती आहे गं, नंतर काढतो," तो म्हणाला. मित्रांनो, संगणकाच्या धंद्यात तात्पुरत्या गोष्टीइतकं चिवट काही नसतं. ती ओळ राहूनच गेली. मला ती बोचायची, पण माझ्यात जे लिहिलंय तेच मी करू शकतो. तोंड वर करून बोलायची मला सोय नाही.

सुरुवातीला माझा केवढा बोलबाला झाला! पाचही खुर्च्या भरायच्या, वाद रंगायचे, रडारड व्हायची आणि बहुतेक वेळा मंडळी हात न लावताच निघून जायची. मी सुटलो तो क्वचितच, तेही ओसाड सूर्यांवर. पुढे खेळात नवी, चकचकीत अस्त्रं आली. जहाजाकडे कुणी फिरकेना. माझ्या खुर्च्या रिकाम्या पडल्या आणि ती ओळ त्यांच्याखाली दबा धरून बसली.

याच खेळात थोरलीची आई आणि मावशी रोज दुपारी भेटायच्या. मावशी दूरच्या शहरात असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. बहिणीबहिणींना एकमेकींकडे जाता येईना, म्हणून थोरलीनं त्यांना एका कडेच्या ग्रहावर जागा काढून दिली. तिथं दोघींनी घर बांधलं. घर कसलं, भांडणाचा आखाडाच! आईनं खिडकी पूर्वेला लावली की मावशी ती पश्चिमेला न्यायची. पण त्या घरात मावशी चालायची. आयुष्यात तेवढी एकच जागा तिला उरली होती, जिथं ती आपल्या पायांनी बहिणीच्या मागं मागं फिरायची.

अशाच एका दुपारी जहाजावर एक पोरगा आला. खेळात तो 'खेकडा' नावानं वावरायचा. त्यानं नकाशावरचा कडेचा एक सूर्य निवडला, पहिल्या खुर्चीत बसला आणि गंमत म्हणून 'हो' दाबलं. बाकीच्या चारही खुर्च्या रिकाम्या होत्या. चारही 'हो' म्हणाल्या.

आणि मी श्वास घ्यायला सुरुवात केली.

दोन खोल्यांत लाल दिवा लागला. धाकट्यानं पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, ती ओळ... मी काढलीच नाही. हा आईच्या सूर्यावर सुटतोय."

"खेळ बंद कर!"

"तो बंद व्हायच्या आत हा गिळून मोकळा होईल. आपण जहाजावर पोचेपर्यंतही सगळं आटपेल. लाल दारातून कुणी आलं तरच."

थोरलीनं आईला फोन लावला. आई न्हाणीघरात होती. घंटा नुसती वाजत राहिली. मग मावशीला लावला. तिनं उचलला आणि थोरलीला बोलूच देईना.

"बरं झालं फोन केलास! सांग तुझ्या आईला. अंगणात भलंमोठं लाल दार लावून ठेवलंय, मला एका शब्दानं न विचारता! मीही काही कमी नाही. कपाट सरकवलंय त्याच्यापुढं."

"मावशी, ते दार आईनं नाही लावलं. कपाट काढ आधी! पटकन!"

"का बरं? छान दिसतंय."

"मावशी, घर जातंय! सगळं घर जातंय! त्या दारातून आत जा, खुर्चीत बस आणि 'नाही' म्हण!"

माझा श्वास भरत आला होता. मला तिची धडपड कळत होती. कपाट हलायचं, पुन्हा भिंतीला अडकायचं. "अगं, सरकत नाहीये मेलं!" थोरली फोनवर ओरडत होती, "उचलू नकोस, फिरव, फिरव त्याला!" धाकटा दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता. मला थांबायचं होतं, मित्रांनो. पण कुणी 'नाही' म्हटल्याशिवाय आपणहून थांबायचं कसं, हे माझ्यात कुणी लिहिलंच नव्हतं.

दार उघडलं. मावशी आत आली आणि आल्या आल्या पाचव्या खुर्चीत बसली.

"नाही," ती म्हणाली. "नाही म्हणजे नाही!"

मी थांबलो. दोन खोल्यांत थोरली फोन कानाला धरूनच रडू लागली.

जहाजावर खेकडा गोंधळून गेला होता. "आजी, तिथं कुणी राहतं हे मला माहीतच नव्हतं. सगळे हो म्हणाले म्हणून..."

"सगळे म्हणजे कोण रे बाळा?" मावशीनं विचारलं. "इथं तर तू एकटाच बसलायस."

तो मागं वळून रिकाम्या खुर्च्या मोजू लागला. उत्तर मला येत होतं, पण मी मुका.

धाकट्यानं त्याच दुपारी ती ओळ काढली. आता रिकामी खुर्ची 'नाही' म्हणते. खेळणारे कुरकुरतात की हे अस्त्र कधी सुटतच नाही, नुसतं शोभेचं झालंय. काहींनी तर मला मोडीत काढा अशी मागणी केली आहे. माझ्या जातीच्या जुन्या वस्तू अशा वेळी गळा काढून म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल गंजू द्या. माझी काळजी घ्यायचीच असेल तर एवढंच करा: जो खोलीत नाही, झोपलाय, आजारी आहे किंवा ज्याला कुणी बोलावलंच नाही, त्याच्या वतीनं 'हो' म्हणू नका. त्याला हाक मारा आणि तो येईपर्यंत थांबा. त्याला यायला वेळ लागेल. कदाचित वाटेत एखादं कपाट असेल.