कोरियातलं अंथरूण

जमिनीवर अंथरूण. दाराबाहेर चपला. बरणीत मुरलेला कोबी. सगळ्यांत मिळून एकच न्हाणीघर.

कोरियातल्या जुन्या घरात राहण्याची ही जाहिरात मी बायकोला अगदी गहिवरून वाचून दाखवली. "अस्सल संस्कृती अनुभवायची, तर असंच राहायला हवं."

आमच्या नव्या टॉवरमधल्या सोफ्यावर बकुळा पाय पसरून ऐकत होती.

"काय हो, न्हाणीघराला रांगपण असते?"

"असेल की!"

"मग वरळीच्या चाळीत आपण जन्म काढला, ते काय होतं? त्यांनाच बोलवा इकडे, संस्कृती बघायला."

तिच्याशिवाय जायची माझी हिंमत नव्हती. मला धड बॅगही भरता येत नाही. म्हणून तिला पटवायला मी तिथेच फरशीवर चादर अंथरली आणि ऐटीत आडवा झालो. उठताना गुडघे अडले.

"बकुळा, हात दे गं."

तिने एका हाताने मला ओढलं, दुसऱ्या हाताने माझा फोन उचलला. "यात पलंगवालं काही आहे का, बघा."

म्हणजे ती येणार होती.

टॉवरची किल्ली मिळाली, तेव्हा देव्हाऱ्याच्याही आधी मी घरात पलंग आणला होता.