मित्राची तपासणी

सुभद्राबाईंच्या पत्राला जयवंतरावांनी दीड महिना उत्तर दिलं नव्हतं. पत्र चिपळूणहून, बाईंच्या लेकीच्या घरून आलेलं. मोबाइल सारखा नातीच्या हातात असतो म्हणून बाईंनी मुद्दाम कागदावर लिहिलं होतं: "मी रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक आहे. तुम्हीही घ्या. मग मी गिरगावात तुमच्याकडे कायमची यायला मोकळी. उत्तर आलं नाही, तर काय समजायचं ते समजेन."

एवढं साधं. पण बायको गेल्यानंतर आणि सुभद्राबाई भेटण्याआधी, एका सहलीत जयवंतरावांची एक रात्र दुसऱ्याच बाईबरोबर गेली होती. ते त्यांनी सुभद्राबाईंना सांगितलं नव्हतं. निवृत्त ग्रंथपाल माणूस, घाबरला की कपाटाकडे वळायचा. चाळीस वर्षं जुन्या वैद्यकीय कोशातले सगळे गुप्तरोग त्यांनी वाचून काढले आणि एकेक करून स्वतःला लावून घेतले.

शेवटी एका मंगळवारी ते परळच्या सरकारी तपासणी केंद्रात जाऊन बसले. समुपदेशक देविका त्यांची नात शोभेल अशा वयाची.

"बोला काका."

"माझ्या एका मित्राला माहिती हवी होती."

"मित्राचं वय?"

"एकोणसत्तर."

"निरोध वापरला होता त्यांनी?"

"या वयात मूल थोडंच होणार, असं त्याला वाटलं."

"इथे येणारे सगळे आजोबा हेच सांगतात. मूल होत नसेल, संसर्ग होतो. शेवटचा संबंध कधी?"

"आठ महिने झाले."

"मग बरं. चौथ्या दिवशी आले असते तर पुन्हा बोलावलं असतं. संसर्ग रक्तात दिसायला वेळ लागतो. तीन महिने उलटलेत, आता निकालावर विसंबता येईल. काही निघालंच तर औषधं आहेत. नाव बाहेर जात नाही." तिने अर्ज पुढे सरकवला. "मित्राचं रक्त तुमच्याच हातातून काढायचं ना?"

जयवंतरावांनी बाही वर सारली. "मित्र नाही. मीच."

"कळलं होतं हो."

शुक्रवारी देविकाने कागद हातात ठेवला. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी: तिन्ही निगेटिव्ह. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि घडी न घालता हातात धरूनच लालबागपर्यंत चालत आले. हॉटेलात नेहमी फक्त चहा मागवणाऱ्या माणसाने मिसळ मागवली, वर जास्तीचा पाव.

मग टेबलावरचा रस्सा पुसून पत्र लिहायला घेतलं. निकाल पहिल्या ओळीत लिहून टाकता आला असता. त्यांनी तो शेवटी ठेवला. आधी ती सहल लिहिली, ती रात्र लिहिली, आणि सांगायला उशीर केला हेही. हे वाचूनही तुम्ही आलात तर मला आनंद होईल, असं लिहिलं. एक शब्दही खोडला नाही.

पाकीट चिकटवून ते रस्त्यावर आले आणि पहिल्याच लाल पेटीत त्यांनी ते टाकलं.