दोन घरांची पेटी आणि कोल्हापुरी गूळ

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून चहाचा वास येतो, पण मी चहाची पेटी नाही. एके काळी होते, ते खरे. सिलोनचा चहा घेऊन मी कुवेतला आले, हवल्लीतल्या एका दुकानामागे रिकामी पडले आणि तिथून यूसुफने मला उचलले. त्याने मला कापले, ठोकले, आत लाकडी चौकटी टांगल्या आणि मधोमध खाचेत एक पातळ फळी सरकवली. अशी मी मधमाश्यांची पेटी झाले. एका झाकणाखाली दोन घरे, दोन बाजूंना दोन दारे. त्या फळीचा मला भारी तोरा होता.

यूसुफ मूळचा दाभोळचा. वफ्रा या वाळवंटी भागातल्या एका मळ्यावर तो माश्या सांभाळायचा. उन्हाळ्याच्या भट्टीत माश्या मरत आणि मळ्याचे मालक दर वसंतात मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, विमानाने नव्या मागवत. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातून दोन वसाहती कशाबशा वाचल्या, त्याही मूठभर. मालक वैतागले होते. ते म्हणाले, "मार्चमध्ये या जिवंत दिसल्या तर माश्या ठेवू. नाही तर हा खेळ बंद, आणि तू शहरातल्या गोदामात."

यूसुफला गोदाम नको होते. माश्यांवर त्याचा जीव होता. त्याने त्या दोन्ही वसाहती माझ्यात ठेवल्या. छोट्या वसाहतीला स्वतःची ऊब पुरत नाही, म्हणून दोघी मधल्या फळीला दोन्हीकडून बिलगून बसल्या. एकीची ऊब दुसरीला मिळे. पण वाळवंटातला गारठा त्यांना झेपला नसता, म्हणून तो मला सालमियाला घेऊन आला. तिथे समुद्रकाठच्या एका इमारतीत त्याचा मित्र दीनानाथ राहत असे. त्याची बायको शामला हॉस्पिटलात नर्स होती. गच्चीच्या चाव्या तिच्याकडे असत.

"भाभी, पांढऱ्या साखरेचा घट्ट पाक द्या. दुसरा काय नको हां," यूसुफने बजावले.

शामला कोल्हापूरची. ड्यूटीवरून आली की आधी गच्चीवर यायची, माझ्या झाकणाला कान लावायची. आतली गुणगुण ऐकली की तिचा शीण जायचा. कुवेतमध्ये येऊन तिला तीनच महिने झाले होते. घरी वाट बघणारे कोणीतरी आहे, असे तिला माझ्यामुळे वाटत असे. मलाही ती फार आवडायची.

मग संक्रांत आली. वारा सुटला, आभाळ भरले, माश्या दाराबाहेर डोकावेनात. गावाहून आलेल्या एकाने तिला गुळाची ढेप आणून दिली होती. शामला म्हणाली, "सणाच्या दिवशी नुसती साखर? ती तर सलाइनसारखी. गूळ कसा उष्ण असतो! घ्या गं बायांनो."

तिने गुळाचा पाक दोन्ही घरांत ठेवला. माश्याही तुटून पडल्या. मी ओरडून सांगणार तरी कशी?

आठवड्याभरात माझ्या दोन्ही दारांवर तपकिरी ओघळ आले. आतली गुणगुण बसली. डाव्या घराची राणी मेली. शामलाने वाकून ओघळ पाहिले. असे ओघळ तिने वॉर्डात उदंड पाहिले होते.

"अहो, यांना जुलाब झालेत," ती दीनानाथला म्हणाली. "बदललं ते एवढंच. माझ्या गुळानं झालं हे."

तिने गूळ काढला, साखरेचा पाक ठेवला आणि मला ओढत उन्हात नेले. दुपारी ऊन तापल्यावर माश्या अखेर बाहेर पडल्या आणि पोट मोकळे करून आल्या. ते नेमके खालच्या मजल्यावरच्या मिसरी मास्तरांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर! शामलाने ते सगळे शर्ट पुन्हा धुतले. इतक्या आनंदाने कपडे धुणारी बाई मी पाहिलेली नाही.

शुक्रवारी यूसुफ आला. तिने काही न लपवता सगळे सांगितले. "भाऊजी, तुमचं काम गेलं तर माझ्यामुळे जाईल," ती म्हणाली.

यूसुफने झाकण उचलून दोन्ही घरे तपासली. मग म्हणाला, "माझ्या आयेन पण गूळच दिला असता. डावीकडं राणी नाय, दोघींना एक करूया. जुना पेपर हाय का घरात?"

शामलाने मराठी वर्तमानपत्राचे एक पान आणले. त्याने माझी फळी उपसली आणि तिथे ते पान लावले. माझा तोरा गेला. मला वाईट वाटले. पण मित्रांनो, दोन्हीकडच्या माश्या ते पान कुरतडत राहिल्या आणि भोके पडेपर्यंत एकमेकींच्या वासाला सरावल्या. भांडण नाही, तंटा नाही. दोन दुबळ्या वसाहतींची एक धडधाकट वसाहत झाली.

मार्चमध्ये मळ्यावर मालकांनी माझे झाकण उचलले आणि "माशाल्लाह!" म्हणून पटकन दोन पावले मागे सरले. त्या वर्षी कलिंगडांच्या फुलांवर माझ्या माश्या नाचल्या. यूसुफ मळ्यावरच राहिला.

पुढे बरेच हिवाळे मी सालमियाच्या गच्चीवर काढले. मग नव्या, रंगवलेल्या पेट्या आल्या आणि मी शामलाच्या स्वयंपाकघरात कांदे सांभाळू लागले. माझ्या झाकणावर गुळाचा डबा बसला. त्याचा मला फार राग येई.

आज यूसुफ आला, केस पिकलेले. यंदा तीन छोट्या वसाहती वाचल्यात, पेटी कमी पडतेय, म्हणाला. त्याने माझ्या खाचेवरून बोट फिरवले. "खाच अजून सरळ हाय, भाभी." शामलाने लगेच कांदे ओतून काढले.

मित्रांनो, लळा लावा, पण आपल्याला काय आवडते ते देण्याआधी समोरच्याला काय पचते ते बघा. मला ओल लागू देऊ नका, वाऱ्याकडे पाठ करून उन्हात ठेवा. माझ्या पाहुण्यांना साखर पुरते. गूळ यूसुफभाईंना द्या. ते वफ्राहून उन्हातून आलेत.