किडे चढेपर्यंत

येसाजीच्या तोंडात कायम तंबाखू असायची, म्हणून त्याला किड्यांच्या खोलीत जाता येत नव्हतं. तंबाखूच्या वासानं रेशमाचे किडे मरतात. पंचवीस वर्षांत त्यानं तो उंबरा ओलांडला नव्हता. बायकोशी भांडायचं झालं तरी बाहेर उभं राहूनच भांडायचा.

"परवा गुरुवारी आनेकलला शेताचं रजिस्टर हाय," तो म्हणाला. "साडेदहाला गाडी येईल. लुगडं बरं नेस."

"गुरुवारी नको," मालनबाई आतून म्हणाली. "किडे आजच उठलेत. सात दिवस खाणार. मंगळवारी चढतील, त्याच्या मागनं कधीबी न्या."

"रजिस्टर काय तुझ्या किड्यांला विचारून ठेवतात?"

"मग सही घ्या, पण शेतात येणारं मशीन थांबवा."

"ते कसं थांबवू? शेत घेणारा गिरीराज अण्णा बेळ्ळंदूरचा माणूस. सकाळी सही, दुपारी जेसीबी. त्याला प्लॉटच्या लेआउटचा रस्ता काढायचाय."

"मग किडे काय खातील?"

"आता शेतच चाललंय, आन् तू किड्यांचं घेऊन बसलीस."

तो थुंकला आणि गेला. मालनबाईनं तुतीची पुढची फांदी उचलली.

रेशमाचे किडे चार वेळा कात टाकतात. चौथ्या कातीनंतर उठले की सात दिवस दिवसरात्र खातात. खोलीत पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज होतो. मग खाणं सोडतात आणि बांबूच्या जाळीवर, चंद्रिकेवर, चढून कोष विणतात. या सात दिवसांत पाला चुकला तर आधीच्या तीन आठवड्यांची मेहनत झाडून बाहेर टाकावी लागते.

पाला यायचा घरामागच्या एकरातून. एकर मालनबाईच्या नावावर होता. तिला भाऊ नव्हता, म्हणून तिच्या बापानं, विश्वासरावानं, तो लग्नात तिच्या नावे केला होता. विकायचं ठरल्याचं तिला घरात सगळ्यांत शेवटी समजलं. त्या वेळी ती रॅकवरची घाण काढत होती. ऐकून झाल्यावर तिनं उरलेली घाण काढली.

बुधवारी सकाळी हेब्बाळच्या एका संस्थेची मुलगी आली. नाव शिल्पाश्री. हातात टॅब होता. गावात बायकांची ताकद किती वाढली ते मोजायला आलेय, असं ती कानडीत म्हणाली. प्रश्न विचारताना जवळ पुरुषमाणूस नको, असा तिचा नियम होता.

"इथं येतच नाही कुणी," मालनबाई म्हणाली. "चप्पल बाहेर काढ. पाय धू, हात धू. डोक्याला तेल लावलंस काय गं वासाचं? सरी, असू दे. मग दारातच बस."

शिल्पाश्री दारात बसली.

"अक्का, तुम्ही काम करता?"

"नाय. घरीच असते."

शिल्पाश्रीनं तिच्या हातातल्या फांद्यांकडे बघितलं. "मग हे?"

"हे किड्यांचं."

"गावाबाहेर एकट्या जाता?"

"किडे असले की नाय."

"आणि नसले की?"

"नसले, असं होत नाय."

"गेल्या वर्षात घरातला एखादा निर्णय तुम्ही एकटीनं घेतलात?"

"नाय आठवत. पुढचं विचार."

"जमीन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"तुमच्या!" शिल्पाश्रीनं पटकन टॅबवर बोट टेकवलं. "ती विकणं, ठेवणं, कोण ठरवतं? मी, नवरा, दोघं मिळून, की इतर?"

"मला नुसतं कळवलं, असं हाय काय त्यात?"

"नाही."

"मग दोघं लिही. ते बोलले, मी ऐकलं. झालो की दोघं."

शिल्पाश्री हसली, पण लिहिलं तेच. "तुम्हाला पटलं नाही, तर तुम्ही नको म्हणू शकता?"

"कुणी विचारलं तर म्हणेन."

"मी विचारतेय."

"तू घेणार हाईस काय शेत?"

"नाही हो, अक्का. कायद्याचं सांगते. जमीन तुमच्या नावावर आहे. तुम्ही सही केली नाही तर ती कुणालाच विकता येत नाही."

"मालकांनाबी?"

"कुणालाच."

मालनबाईनं हातातली फांदी रॅकवर पसरली. किडे लगेच पाल्यावर आले.

टॅबवर आकडा आला. "दहापैकी सात," शिल्पाश्री म्हणाली. "या गावात आत्तापर्यंत सगळ्यांत जास्त तुमचेच."

"मग बाकीच्यांचं कसं चाललंय गं?"

शिल्पाश्रीनं चपला घातल्या आणि शेजारच्या शिवलीलाकडे गेली.

संध्याकाळी सून रम्या कपड्यांच्या फॅक्टरीतून आली. ती पहाटे पाचची बस धरायची, परत यायला सात वाजायचे. शेत विकायला तिची हरकत नव्हती. आनेकलला दोन खोल्या, घरात नळ, फॅक्टरीला चालत, एवढं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"आत्या, उद्या सही झाली की स्वल्प सुटू आपण," ती बाहेरून म्हणाली.

"हं," मालनबाई म्हणाली.

गुरुवारी साडेदहाला गाडी आली. मालनबाईनं आतून कडी लावली.

"चल गं, गाडी आलीय!" येसाजी ओरडला.

"मी येत नाय. हातात किडे हायत."

"दार उघड."

"तुम्ही आत येणार काय तंबाखू घेऊन?"

येसाजी दोन पावलं मागं सरला. गिरीराज पुढं आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा वास चार पावलांवरून.

"अक्का, दहा मिनिटांचं काम आहे."

"तुम्हीबी लांबच राहा. अत्तर चालत नाय त्यांला."

"कचेरीत नंबर लावलाय आपला."

"पुढचा लावा. मंगळवारी किडे चढतील. पुढच्या गुरुवारी येते."

"आणि मी आज इथं कशाला आलो?"

"ते मला कसं ठावं? मला कुणी विचारलं नव्हतं."

येसाजीनं दारावर दोनदा हात आपटला. खोलीतला आवाज तसाच चालू राहिला. गिरीराज घड्याळाकडे बघत अंगणात फिरला. मग बंद दार, गाडी आणि ड्रायव्हर यांच्याकडे एकदा बघून म्हणाला, "येसाजीराव, तिच्याशिवाय जाऊन उपयोग काय? चला. पुढचा गुरुवार."

गाडी रिकामी गेली. येसाजी त्या दिवशी जेवला नाही. मालनबाई जेवली. तिला विशेष काही वाटलं नाही. दुपारचा पाला आणायचा होता, तो आणला.

संध्याकाळी रम्या दाराशी येऊन बसली.

"आठवडा थांबवलंत, आत्या. मग कायमचंच का नाही थांबवत?"

"तुझ्या दोन खोल्यांचं काय मग?"

रम्या उठली, न्हाणीत हातपाय धुऊन आली आणि खोलीत शिरली. खालच्या रॅकला तिनं पाला घातला. वर्षभरात पहिल्यांदाच. फांद्या उलट्या पसरल्या होत्या. मालनबाईनं मागून सरळ केल्या.

मंगळवारी किडे चढले. बुधवारी चंद्रिका पांढऱ्या दिसायला लागल्या. गुरुवारी मालनबाई गाडीत बसली.

कचेरीत तिचा फोटो काढला, अंगठा मशीनवर टेकवून घेतला. अधिकाऱ्यानं कागद सरकवला. "मर्जीनं विकताय ना?"

मालनबाईनं पेन उचललं आणि गिरीराजकडे वळली. "शिवलीलाचे किडे अजून खातात."

"कोण शिवलीला?"

"शेजारीण. तिचं शेत लहान. शेवटच्या दिवसांत पाला माझ्याकडचा नेते. गावात बायकांची रीतच हाय ती, किडे उठल्यावर पाल्याला नाय म्हणत नाहीत. तिचे सोमवारी चढतील. तोवर मशीन नको."

"मालन," येसाजी दात आवळून म्हणाला, "सही कर."

"करते की. आधी त्यांनी मशीनवाल्याला सांगू दे."

"सांगतो नंतर, अक्का."

"आत्ता. माझ्यासमोर."

मागं रांगेतलं कुणीतरी खोकलं. अधिकारी म्हणाला, "मॅडम, लोक थांबलेत." मॅडम म्हणजे आपण, हे मालनबाईला लगेच कळलं नाही. तिनं पेन टेबलावर ठेवलं.

गिरीराजनं फोन काढला. "रविकुमार, आज दुपारचं रद्द. सोमवार नको, मंगळवारी सकाळी जा. हो, मंगळवारी. कारण? अरे, कारण काय विचारतोस!"

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं. "मर्जीनं?"

"हो," मालनबाई म्हणाली, आणि कानडी अक्षरांत, एकेक सुटं काढत, सगळ्या पानांवर सही केली.

सोमवारी दुपारी शिवलीलाचे किडे चढले. पाल्याचा शेवटचा भारा सकाळी तिनंच नेला होता. "मालनअक्का, मागच्या दोन ओळी उरल्यात गं," ती सांगून गेली.

मंगळवारी सकाळी आठला जेसीबी आला. दोन ओळी आणि बाकीची सगळी खोडं काढायला त्याला दोन तास लागले. मालनबाई दर वेळेसारखी अंगणात चुन्याच्या पाण्यानं रॅक धूत बसली होती. तिला सगळे धुवायला दुपार झाली.